सायरागुल एजेचा कच्चा रंग

तळ्याकाठच्या रिबाच्ये गावाच्या गोदीत बोटींची बुडं रंगवणारी आमची सहा बायकांची टोळी होती, आणि टोळीत शब्द चालायचा सायरागुल एजेचा. एजे म्हणजे ताई. मुकादमही तिला एजेच म्हणायचा. हवा तापली, आता लागा कामाला, असं तो सांगायचा आणि ही पत्र्याला गाल लावून म्हणायची, "हवेला वसंत आलाय रे, पत्रा अजून हिवाळ्यातच आहे." मग पत्र्यावरचं दव सुकेपर्यंत आम्ही चहा पीत बसायचो. ओल्या पत्र्यावर ब्रश टेकवायचा नाही आणि रंगवलेली बोट सात दिवस पाण्यात सोडायची नाही, हे तिचे दोन नियम. तेव्हा मला तिचा वैताग यायचा. आता त्या चहासाठी जीव तुटतो.

एका वर्षी मे महिन्यात तिच्या नवऱ्याची, जुमादिलची, मालबोट रंगवायला वर काढली होती. तीस वर्षं तो तीच चालवत होता. त्याच्या पोटात गाठ निघाली होती आणि ऑपरेशनसाठी महिनाअखेरीला राजधानीत, फ्रुन्झेला जायचं ठरलं होतं. त्याआधी एकदा बोट तळ्यात न्यायची, एवढंच त्याचं मागणं होतं. पण उलान सुटला. दरीतून येणारा हा वारा आठवडा आठवडा हटत नाही आणि ओल्या रंगात वाळू पेरून जातो.

एजेने माहेरच्या तंबूचे लोकरीचे जाड नमदे आणले आणि वाऱ्याच्या बाजूने बांधले, आणि त्यांच्या आडोशाला आम्ही रंग दिला. वाळू अडली खरी, पण संध्याकाळी पाहतो तर नमद्यांची लोकर उडून सगळ्या रंगात चिकटलेली. जुमादिल काठी टेकत बोटीभोवती फिरला आणि म्हणाला, "अगं, हिला कातरायची केव्हा?" आम्ही पोट धरधरून हसलो. एजे हसली नाही. तो रंग खरवडण्यात चार दिवस गेले.

उलान पडला तेव्हा जुमादिलच्या निघण्याला चारच दिवस होते. आम्ही एका दिवसात बूड रंगवलं. तिसऱ्या सकाळी एजेने रंगात नख टोचलं, ते रुतलं. जुमादिल म्हणाला, राहू दे, परत आल्यावर नेईन. परत येण्याचं काय ते दोघांनाही ठाऊक होतं.

"सोडा पाण्यात," एजे मुकादमाला म्हणाली.

"एजे, रंग कच्चा आहे."

"मला शिकवतोस?"

बावीस वर्षं बोटी रंगवून ती कधी एकीतही बसली नव्हती. त्या दिवशी रंगाच्या कपड्यांतच सुकाणूपाशी त्याच्या शेजारी उभी राहिली. दोघं संध्याकाळी परतली.

जुमादिल जूनमध्ये वारला.

पुढच्या वसंतात बोट वर काढली तर बुडाचा रंग सालीसारखा लोंबत होता. कचेरीने विचारलं, पाण्यात सोडायला कोणी सांगितलं? तिने सरळ आपलं नाव दिलं आणि टोळीचं प्रमुखपद गेलं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच खरवडत होती. मी मदतीला गेले, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जा. तो एक दिवस माझा होता, माझा मलाच खरवडू दे."