कुंकू लागलेली कॅसेट

हल्ली मला एका जागी बसवत नाही. बायको जाऊन सात महिने झाले. बाजेवर बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जायचं ते कळत नाही. म्हणून नातीजवळ बसून कार्टून बघतो. चौथी शिकलेल्या माणसाला तेवढं समजतं.

त्यातला एक जाडा उंदीर जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट काढतो, तिच्यात फुंकर मारतो आणि खोचतो. गेम काही चालू होत नाही. दर भागात हेच. फुंकल्यावर कधी धुरळा उडतो, कधी पीठ, एकदा तर आतून कोंबडी निघाली. नात हसून लोळते.

"आबा, खरंच असं फुंकायचे?"

"व्हय. तुझा बाप फुंकून फुंकून लाल व्हायचा."

बोललो आणि फसलो. तिनं बापाच्या मागं लकडा लावला. मुलानं माळ्यावरनं त्याचा लहानपणचा गेम उतरवला. सोबत एकच पिवळी कॅसेट.

ती मी बघताच ओळखली. पोरगा लहान होता तेव्हा हायवेला माझं पंक्चरचं दुकान होतं. खंडेनवमीला पाने, जॅक, पहार घरी आणून पूजेला मांडली होती. बायकोनं त्यांच्या शेजारी पोराची कॅसेटही ठेवली. "त्याचं अवजार हेच," म्हणाली. ओलं कुंकू बोटानं लावलं, ते नेमकं खालच्या फटीत, पितळी दातांवर. गेम बंद पडला. दुकानात नेऊन पंपाची हवा मारली, तरी निघालं नाही. मग चार माणसांत हिला येडी म्हणालो. पुढं त्या गेमला तिनं कधी हात लावला नाही.

कुंकू अजून तिथंच होतं. काळपट, बोटाएवढं.

नातीनं गाल फुगवून फुंकर मारली. मी कुंकवाकडं बघत राहिलो. उडालं नाही. कॅसेट खोचली, तर टीव्हीवर नुसता निळा पडदा.

"अण्णा, स्पिरिटनं पुसावं लागंल," मुलगा म्हणाला.

"हात लावू नको."

"का पण?"

"तुझ्या आईचं बोट हाय ते."

त्यानं कॅसेट खाली ठेवली. नात म्हणाली, "मग आजीचा गेम बघायचाच न्हाय का?"

मी अंगणात गेलो. नळ सोडला, बंद केला. आजीचा गेम म्हणाली पोरगी. बायकोचा तो कधी नव्हताच, मीच होऊ दिला नाही.

परत आलो. "आण इकडं," म्हणालो. धोतराचा सोगा स्पिरिटात भिजवला, काडीला गुंडाळला आणि एकेक दात मीच पुसला. सोग्यावर लाल उतरलं.

कॅसेट खोचली. निळा पडदाच.

"आबा, तुमी त्या उंदराच्या वरचढ निघालाव," नात म्हणाली. मुलगा हसला, मीही हसलो, आणि हसता हसता उठून दारात जाऊन उभा राहिलो.

सून रोज सकाळी धुणं मागते. "मामा, ते धोतर द्या की, चार दिवस झाले."

"देतो," म्हणतो आणि दुसरंच धोतर तिच्या बादलीत टाकतो.