अर्धे पोचणारे निरोप

एवेलियोचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान काआसापा गावात, बसथांब्यासमोर. गावच्या रेडिओचा कॉम्प्युटरही तोच सांभाळायचा. परमुलखात गेलेल्यांचे निरोप पहाटे रेडिओवर वाचायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. फोनवर काय, माणूस बोलतो आणि विसरतो; रेडिओवर बोललं की अख्खा गाव साक्षीला. एवेलियोने त्यासाठी प्रोग्राम लिहिला होता. मोबाईलवरून लिहून आलेला निरोप आपोआप फाईलमध्ये उतरायचा, आणि कुठे सुरू, कुठे संपला हे मशीनला कळावं म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक उभी खूण लागायची. मग निवेदन करणारी न्या सेफेरिना (थोरल्या बाईला आमच्याकडे 'न्या' म्हणतात) पडद्यावर बघून वाचायची.

एवेलियोची बायको निमिया ब्युनोस आयर्सला एका म्हातारीची देखभाल करायला गेली होती. जाताना दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. जातेस तर जा, परत बोलावणारा मी नव्हे, असं हा बोलून बसला. तेव्हापासून फोन बंद, निरोप मात्र यायचे. पार्सल बसने पाठवलंय, उतरवून घे, एवढं स्पॅनिशमध्ये, शेवटच्या शब्दापर्यंत. मग गुरानीत, आमच्या घरच्या बोलीत, एखाददुसरा शब्द आणि खलास.

सगळ्या गावाचीच ही गत. मयत, जमीन, पार्सल धडधाकट पोचायचं; मायेचं बोलणं तेवढं सुरू होताच आटपायचं. लोक म्हणायचे, तिकडचं पाणीच तसलं, माणूस कोरडा पडतो. न्या सेफेरिना माईक बंद करून विचारायची, "काय रे, तुझी बायको शब्द तोलून पाठवते की काय?" एवेलियो हसण्यावारी न्यायचा. संध्याकाळी अंगणात तेरेरेच्या गार काढ्याचा पेला भरायचा आणि सवयीने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पुढे करायचा. फार आठवण यायची हो त्याला तिची. पण बोललेला शब्द गिळायचा कसा?

मग एका पहाटे निमियाचा निरोप आला, सगळाच्या सगळा स्पॅनिशमध्ये: "माझं बोलणं रेडिओवर दर वेळी अर्ध्यावर तोडतोस. तुझं उत्तर कळलं मला. आणखी दोन वर्षांच्या कामावर सही केली."

उत्तर? याने तर कशाचंच उत्तर दिलं नव्हतं. हातातला फोन उघडा टाकून एवेलियो रेडिओवर गेला आणि प्रोग्राम बाजूला सारून त्याने मूळ फाईलच उघडली.

सगळं तिथेच होतं. गुरानीत शब्दाच्या मध्येच आवंढा गिळल्यासारखा थांबा येतो, आणि तो लिहायला हीच उभी खूण. ती दिसली की मशीनला वाटायचं, संपला निरोप. पुढचं सगळं ते सोडून द्यायचं. एवेलियोने प्रोग्राम तपासला नव्हता असं नाही, पण स्पॅनिश वाक्यं घालून. शाळेने लावलेलं वळण ते: लिहायचं स्पॅनिश, गुरानी फक्त बोलायला. भांडायचा गुरानीत, स्वप्नं बघायचा गुरानीत, आणि गुरानीतली एक ओळ टाईप करून बघायचं काही याला सुचलं नाही.

निमियाच्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी तेच होतं. इथे जीव रमत नाही. रेडिओवर एकदा "ये" म्हण, मी निघते.

दुरुस्ती ती केवढीशी! निरोपातल्या प्रत्येक खुणेआधी एक तिरकी रेघ. हा शेवट नव्हे, हे अक्षर आहे, पुढे वाच, असं मशीनला सांगणारी. ती घालताना एवेलियोला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या पहाटे त्याने माईक मागितला. न्या सेफेरिना खुर्चीवरून उठली.

"निमिया, तुझे निरोप मला अर्धेच मिळाले," तो गुरानीत म्हणाला. "चूक माझ्या प्रोग्रामची, आणि त्याच्याआधी माझ्या तोंडाची. ये."

निमिया तिकडे मोबाईलवर रोज हाच रेडिओ लावते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं उत्तर आलं ते गुरानीत आणि पुरं. न्या सेफेरिनाने ते सावकाश वाचलं: "आता सही झाली. म्हातारीला टाकून नाही रे निघता येत. पण तू म्हणत राहा."

तेव्हापासून रोज पहाटे, सगळ्यांचे निरोप वाचून झाले की एवेलियो माईकपाशी येतो, तेवढा एक शब्द म्हणतो आणि दुकान उघडायला जातो.