मैलापूरचं जेवण

"गाडीचं मागचं दार भिंतीला चिकटवून लाव, इकडे चोऱ्या होतात," असं अण्णांनी चेन्नईत त्यांच्या गल्लीत गाडी लावताना सांगितलं तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. नाशिकहून निघाल्यापासून आम्ही पेट्रोल पंपांवर, धाब्यांच्या मागे, एकदा तर हुबळीच्या अलीकडे एका लग्नाच्या हॉलच्या आवारात गाडी लावून झोपलो होतो. आता आपल्या गाडीची काळजी करणारं माणूस भेटलं, असं वाटलं.

अण्णा म्हणजे माझ्या नवऱ्याचे कारखान्यातले मित्र. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत दोघं एकाच टूलरूममध्ये होते, शेजारी शेजारी मशीन. अण्णा मूळचे चेन्नईचे, पण सगळी नोकरी नाशिकला झाली. मराठी इतकं सफाईनं बोलायचे की नवीन पोरं त्यांना सोलापूरकडचे समजायची. माझा नवरा मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला. लहानपणापासून जयंतीच्या गाण्यांना ढोलकी वाजवायचा, त्यामुळे बसल्या जागी टेबल, डबा, स्वतःची मांडी, काहीही बडवायची सवय. अण्णांनी जेवणाच्या सुट्टीत त्याला त्यांच्याकडचा ताल मोजायला शिकवलं. मांडीवर एक थाप, मग करंगळीपासून एकेक बोट, मग पुन्हा थाप आणि तळवा उलटा. दोघं असे मांड्या थोपटत बसले की कँटीनमधले हसायचे. अण्णा म्हणायचे, "हे डब्यावर नाही कळायचं. डिसेंबरात चेन्नईला ये. सगळ्या शहरात सकाळपासून गाणं चालू असतं, आणि प्रत्येक हॉलच्या मागे स्वयंपाकघर. ऐकायचं, खायचं, परत ऐकायचं. आणि एक दिवस माझ्या घरी जेवायचं."

नवरा हे घरी येऊन मला सांगायचा. वर्षानुवर्षं सांगत होता. मी शाळेत शिकवत होते, मुलीचं शिक्षण, सासूचं आजारपण, डिसेंबर दरवर्षी तसाच जायचा.

अण्णा निवृत्त होऊन म्हाताऱ्या आईसाठी चेन्नईला परतले आणि पुढच्या वर्षी नवराही निवृत्त झाला. शिफ्टच्या कामगारांना ने-आण करणारी एक जुनी बस भंगारात निघाली होती, ती त्यानं घेतली. सीट काढून टाकल्या. पाथर्डी फाट्यावरच्या एका गॅरेजमध्ये आठ-नऊ महिने खपून तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, पंखा, सगळं बसवलं. पडदे मी माझ्या साड्यांचे शिवले. मागच्या काचेवर माझ्या भाच्यानं निळ्या अक्षरांत 'नमो बुद्धाय' लिहिलेला मोठा स्टिकर लावला. कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, "घर सोडून घरातच चाललात की." मला त्या गाडीचा अभिमान होता, हे कबूल करायला हरकत नाही. आमच्या दोघांच्याही घराण्यात नुसतं बघायला म्हणून कोणी कुठे गेलेलं नव्हतं.

चेन्नईत पहिले दोन दिवस सोन्यासारखे गेले. अण्णा सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, गाडीच्या दारावर टकटक करायचे. आम्ही पायी निघायचो. सकाळच्या मैफिलींना तिकीट नसायचं. पांढऱ्या केसांची माणसं फ्लास्क आणि शाली घेऊन आधीच जागा धरून बसलेली. मला त्या गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण गाणारी बाई एका ओळीवर परत परत येऊन दर वेळी ती वेगळीच उघडून दाखवायची, ते मला आवडलं. मृदंगाची एकट्याची पाळी आली की निम्मे लोक कॉफी प्यायला उठायचे. नवरा चिडायचा. "खरं वाजायला लागलं की हे लोक उठतात कसे?" अण्णा हसून म्हणायचे, "म्हणून तर तुला पुढची खुर्ची मिळते."

मग मागच्या मांडवात जेवण. केळीच्या पानावर तुपानं निथळणारा पोंगल, वडा, नारळ घातलेली भाजी, ताकात मुरवून तळलेल्या मिरच्या. वाढणारे पळत वाढायचे. जेवण झाल्यावर नवरा पान तसंच ठेवून उठला, तर अण्णांनी त्याला थांबवलं. पान आपल्याकडे दुमडायचं, म्हणजे जेवण आवडलं. पलीकडे दुमडायचं ते फक्त मयताच्या जेवणाला. नवऱ्यानं लगेच आपल्याकडे दुमडलं आणि वर थोपटलं. संध्याकाळी समुद्रावर जाऊन आम्ही कैरी-खोबरं घातलेले उकडलेले वाटाणे खाल्ले. अण्णा म्हणाले, "उद्या दुपारी घरी. बायको दोन दिवस तयारी करतेय."

त्यांच्या बायकोला मी नाशिकपासून ओळखत होते. संक्रांतीला, जयंतीला आमच्याकडे यायच्या. बोलायला गोड. मात्र कधी काही खायच्या नाहीत. उपवास असायचा, पोट बिघडलेलं असायचं, आत्ताच जेवून आलेल्या असायच्या. एखादं केळं सोलून घ्यायच्या. अण्णा मात्र माझ्या हातची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नवऱ्याच्या डब्यातून रोज खायचे, हे मला माहीत होतं. म्हणून मी कधी खोलात गेले नाही.

घर मैलापुरातल्या जुन्या वस्तीत, जुन्या बांधणीचं, पुढे तांबड्या फरशीचा ओटा, दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी. अण्णांची आई झोपाळ्यावर बसली होती, नव्वदीच्या पुढची, नाकात दोन्ही बाजूंना खडे. मी वाकून नमस्कार केला. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तमिळमध्ये काही म्हणाली. अण्णांचे थोरले भाऊही होते, बँकेतून निवृत्त झालेले, काही वर्षं पुण्यात काढलेली. त्यांना मराठी बोलायची हौस होती. "बसा, बसा. तुमचं पुणं मला फार आवडायचं." आम्ही नाशिकचे, असं मी म्हणाले. "एकच ते," म्हणाले.

खाली पानं मांडली होती. एका ओळीत आम्ही चौघं, मी, नवरा, अण्णा, भाऊ. अण्णांची बायको वाढत होती. सांबार-भात झाला. रसम आलं. भाऊ भात कालवता कालवता माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही देशस्थ ना? धाकट्यानं सांगितलं. पुण्यात माझे शेजारी देशस्थच होते. पण रसमासारखं त्यांच्याकडे काही नाही हो. ती आमटी गोड."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो अण्णांकडे पाहत होता. अण्णा पानाकडे पाहत होते. त्यांचा हात भातात होता आणि बोटं हलत नव्हती.

"नाही," नवरा म्हणाला. आवाज अगदी नेहमीचा. "आम्ही बौद्ध."

भाऊंनी हातातला घास पानात सोडला. मग इंग्रजीत म्हणाले, फार छान, शांततेचा धर्म आहे. आणि एवढं बोलून उठले. पानात भात तसाच. हात धुण्याचा आवाज मागच्या अंगणातून बराच वेळ येत राहिला. झोपाळ्यावरून आईनं काहीतरी विचारलं. तिनं परत विचारलं. अण्णांची बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर रसमाचं भांडं धरून उभी राहिली होती.

मला उठायचं होतं. मी हात आवरता घेतला तसा नवरा मला हळूच म्हणाला, "जेव. पान टाकायचं नाही." आणि वर पाहून म्हणाला, "वहिनी, थोडं रसम वाढा."

त्यांनी वाढलं. पण आधी पळी पानाला टेकत होती, आता वीतभर वरून धार आली. माझ्या साडीवर शिंतोडे उडाले. त्या मुद्दाम तसं करत होत्या असं मला आजही वाटत नाही. हातच वर राहिला. ते जास्त लागलं.

नवऱ्यानं सगळं खाल्लं. पायसम, ताकभात, लोणचं, शेवटचं शीत वेचून. मग त्यानं पान दोन्ही हातांनी धरलं आणि पलीकडे दुमडलं. अण्णांनी ते पाहिलं. त्यांच्या आईनंही पाहिलं, आणि त्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडून घाबरल्यासारखा एक आवाज आला. आमची पानं उचलायला कोणी पुढे येत नव्हतं, म्हणून मीच दोन्ही उचलली.

अण्णा मागोमाग गाडीशी आले. नवरा गॅसचा सिलिंडर पट्ट्यानं बांधत होता.

"आईसाठी केलं रे," अण्णा म्हणाले. "ती या वयात बदलणार नाही. भाऊ पण तसाच. काय करू मी?"

"मला सांगायचं. आपण हॉटेलात जेवलो असतो."

"तुला घरी जेवायला घालायचं होतं मला. इतकी वर्षं बोलत होतो. खोटं बोललो, पण त्याच्यासाठीच बोललो."

नवरा पट्टा ओढत राहिला. मग म्हणाला, "मला कुठे घातलंस? दुसऱ्याच कोणाला तरी घातलंस तू."

अण्णा रडायला लागले. रस्त्यातली माणसं बघत होती. नवऱ्यानं त्यांना गप्प केलं नाही की जवळही घेतलं नाही. मी गाडीच्या मागे गेले. मागची काच आणि भिंत यांच्यामध्ये माझा हातसुद्धा जात नव्हता. स्टिकर कुठूनही दिसत नव्हता. गल्लीत दुसऱ्या गाड्या सरळ रस्त्याकडे पाठ करून उभ्या होत्या. चोर कसले.

त्या संध्याकाळी एका मोठ्या मृदंगवादकाची साथ असलेली मैफल होती, तिकिटं अण्णांनीच काढून ठेवलेली. मी म्हटलं, जाऊ या, गाण्यानं काय केलंय आपलं. गेलो. अण्णांची खुर्ची रिकामी होती. मृदंगाची पाळी आली, लोक कॉफीला उठले. नवरा हातांची घडी घालून बसला होता. थोड्या वेळानं मला म्हणाला, "चल, कॉफी घेऊ."

सकाळी आम्ही निघालो ते उत्तरेच्या अंगानं, बंदराच्या बाजूच्या वस्तीतून. तिथे गर्दीत गाडी अडकली तशी बाजूला घेतली. चौकात कोट घातलेला, हातात पुस्तक धरलेला निळा पुतळा होता आणि त्याच्याभोवती चारी बाजूंनी, वरूनसुद्धा, लोखंडी जाळी. कोणी काही करू नये म्हणून. नाशिकमध्ये मी तो पुतळा कधी पिंजऱ्यात पाहिला नव्हता. शेजारच्या गाड्यावर एक बाई केशरी शेवया, कोबी, तळलेला कांदा आणि चिंचेचं पाणी हातानं कालवून देत होती. आम्ही दोन प्लेट मागितल्या. तिनं आधी आमच्या गाडीची मागची काच पाहिली, मग पुतळ्याकडे बोट केलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तिनं प्लेटमध्ये आणखी एक उकडलेलं अंडं कापून घातलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. कट्ट्यावर तरुण पोरं रिकाम्या डब्यांवर ठेका धरून गाणी म्हणत होती, तोंडात शिव्या असाव्यात अशी हसत होती. ठेका आमच्याच कॉलनीतला वाटावा असा होता. मी नवऱ्याला म्हटलं, "जा ना, वाजव थोडं." तो म्हणाला, "इथेही आधी कोण ते विचारलंच की तिनं." ते खरं होतं. फरक एवढाच, की इथे उत्तर ऐकून प्लेटमध्ये भर पडली. मला तेवढं पुरलं असतं. त्याला पुरलं नाही.

परतीच्या वाटेत आम्ही कुठेही बघायला म्हणून थांबलो नाही. मी गाडीत खिचडी लावायची, तो चाकांची हवा बघायचा.

पुढच्या पावसाळ्यानंतर कारखान्यातल्या जुन्या लोकांचं एक स्नेहसंमेलन झालं, त्यासाठी अण्णा नाशिकला आले. संमेलनाला नवरा गेला नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा आमच्या घरी आले. नवरा त्यांचा आवाज ऐकून मागच्या दारानं निघून गेला. मी पोहे केले. अण्णांनी सगळे खाल्ले, परत मागितले. ते वाळले होते. आई उन्हाळ्यात गेली, घरात आता थोरल्या भावाचंच चालतं, असं म्हणाले. मी वाईट वाटल्याचं सांगितलं आणि मला खरंच वाटलंही, तिनं डोक्यावर हात ठेवला होता.

"वहिनी, मी काय करायला हवं होतं?" त्यांनी विचारलं.

"ते मला नका विचारू," मी म्हटलं.

ते उठले. मग बशी घेऊन मोरीत गेले, घासली, विसळली आणि कट्ट्यावर पालथी घातली. इतकी वर्षं ते आमच्याकडे जेवले, खाल्ले, पण असं कधी केलं नव्हतं. उष्टं ताट तिथेच सोडून, "वहिनी, लय भारी," म्हणत उठायचे. मी त्यांना अडवलं नाही. फाटकापर्यंत सोडायला मात्र गेले.

नवरा दिवेलागणीला आला. "गेला?"

"गेले. आई वारली त्यांची."

तो खुर्चीत बसून चपलेचा पट्टा सोडत राहिला. "थोरला भाऊ?" त्यानं विचारलं.

"आहे. ठणठणीत आहे."

"असेलच," तो म्हणाला, आणि हातपाय धुवायला गेला.