मामाचा हात

मित्रांनो, आज सकाळी मेघाच्या दोन वर्षांच्या पोरानं मला ‘मामा’ म्हटलं आणि तिथंच माझं सगळं संपलं.

मेघा सोडचिठ्ठी घेऊन नांदेडला माहेरी आली, तेव्हापासून मी तिच्यासाठी झुरून राहिलो. माझं कॉलेज तर आधीच सुटलेलं. आज तिघांनी वॉटर पार्कला जायचं, हे माझंच प्लॅनिंग. तिचा पोरगा गुड्डू एका जागी बसत न्हाई, म्हणून सकाळीच आत शिरायचं, उथळ पाण्यात खेळवायचं, दुपारी सावलीत निजवायचं. त्याच्यासाठी हवेची ट्यूबबी घेतली.

मेघाची आई म्हणाली, "तू भावासारखा हायेस, म्हणून पाठवायला भ्या न्हाई."

मेघा गुड्डूला टोपी घालत होती. "मामाचा हात सोडायचा न्हाई हं."

"मामा, चल!" तो माझ्या पायाला बिलगला.

"हे तू शिकवलंस त्याला?" मी ट्यूब भिंतीवर फेकली. गुड्डू रडायला लागला.

मेघा हळूच म्हणाली, "मग दुसरं काय म्हणायला शिकवू? आईसमोर सांग."

तुम्हीच सांगा, मी काय सांगायला पाहिजे होतं? तसाच बाहेर पडलो. गुड्डू रडत मागं पळत आला. समोर रस्ता होता. त्याला उंबऱ्याच्या आतच ठेवून मी दार ओढून घेतलं.