वायरमन भावजींचा राग

आमच्या वायरमन भावजींची कीव करायला आलेला माणूस पुन्हा उंबऱ्यात पाऊल ठेवायचा नाही. "देवाची मर्जी," असं कुणी म्हटलं की खाटेवरून आवाज चढायचा, "देवाची न्हाई! बटण माणसानं दाबलं."

ते खरंच होतं. सत्तर सालानंतर डोंगरातल्या गावांना वीज येत होती. माझे हे धाकटे दीर मेढ्याकडे खांबावर चढले होते. लाइन बंद आहे असं सांगून त्यांना वर चढवलं, आणि कुणीतरी ती चालू केली. झटक्यासरशी ते खाली खडकावर आदळले. पाठीचा मणका मोडला, मज्जारज्जूला इजा झाली, कमरेखालचं अंग गेलं. चौकशीच्या कागदात एवढंच आलं: कामगाराचा निष्काळजीपणा.

सांगलीच्या दवाखान्यात चार महिने काढून आम्ही त्यांना आष्ट्याला घरी आणलं. भिंतीकडे तोंड करून पडायचे, जेवायचे नाहीत. मी आणि सासूबाई दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायचो, तरी पाठीला जखमा झाल्याच. "वैनी, कशाला उलथंपालथं करताय? पडू द्या की," म्हणायचे. मला चीड यायची. त्यांची नाही, त्या कागदाची.

एके सकाळी शेजारचे दादूमामा जळलेली पाण्याची मोटार घेऊन ओसरीवर टेकले. दुरुस्त करून आणली आणि तिसऱ्याच दिवशी जळाली. तिकडे ऊस वाळत होता. भावजींनी मान वळवली. "उघडा ती." आतली तांब्याची तार बघून ते भडकलेच. "कुठल्या गाढवानं भरलीया ही? हिकडं आणा!" छातीखाली उशी घेऊन, पालथं झोपून, शिव्या देत देत त्यांनी जळकी तार काढली, नवी गुंडाळली आणि मोटार नव्यानं भरली. त्या दिवशी तीन भाकरी खाल्ल्या.

मग मोटारी येतच राहिल्या. आता तेच माझ्यावर ओरडायचे, "वैनी, दोन तास झालं! कूस कोन बदलनार? जखमा घिऊन पडायला मला सवड न्हाई."

एकदा त्यांच्या खात्याचे साहेब हार घेऊन आले. "तुमच्याकडे बघून आमच्या माणसांना प्रेरणा मिळते," म्हणाले. भावजींनी हार गळ्यात पडूच दिला नाही. "सायेब, कागदावर माझी चूक लिवलीया, ती आदी खोडा. प्रेरणेचं मागनं बघू." साहेब चहा न घेता गेले. कागद तसाच राहिला.

अपघातानंतर सातव्या वर्षी लघवीचं दुखणं मूत्रपिंडांत गेलं आणि भावजी गेले. अंगणात माणसं जमली. भावकीतले एक म्हातारे उसासा टाकून म्हणाले, "सुटला बिचारा."

वडीलधाऱ्यांपुढे कधी मान वर न केलेली मी ओरडले, "सुटलं न्हाईत! दोन मोटारी भरायच्या ऱ्हायल्यात त्यांच्या. आन् बिचारा कुनाला म्हनता?"

सासूबाई उठून माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आत नेतील. त्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाल्या, "पुन्यांदा सांग. मागच्यास्नी ऐकू गेलं न्हाई."