नाखव्यांची तीन लिप्यांची होडी

दिवाळे कोळीवाड्यातल्या आमच्या नाखव्यांइतका जपानी लिपीचा छळवादी प्रचारक खुद्द जपानातही सापडला नसेल. तरुणपणी ते बोटीवर खलाशी होते, जपानच्या बंदरात लिहायला शिकले आणि गावी परतून होडी घेतल्यावर दिसेल त्यावर लिहीत सुटले. माठ, दार, सुकटीची टोपली, एकदा तर झोपलेल्या बोक्याचं पोट! वाशीचा पूल तेव्हा नवा होता. मी सातवीतून शाळा सोडून परभणीकडून कंपनीत हमालीला आलेला, त्यांच्या पडवीत भाड्याने राहणारा. म्हणजे पळून जाऊ न शकणारा विद्यार्थी. सणाला पाहुणे आले की पडवी सोडावी लागेल, या धास्तीने माझी ट्रंक कायम भरलेली. त्यामुळे "समजला ना?" असं त्यांनी विचारलं की मी जोरात मान डोलवायचो.

"जपान्यांच्या लिप्या तीन," ते जाळं विणता विणता सांगत. "एक वाटोली, कोलंबीवानी, ती घरच्या शब्दांना. दुसरी काट्यांची, ती बाहेरून आलेल्यांना. तिसरी चित्रांची, चीनवरून आनलेली. एक झाड काढला तं झाड, दोन काढली तं राई, तीन काढली तं रान!"

"आन तीन बाया काढल्या तं?" नाखवीणबाईंनी मासळी साफ करता करता विचारलं.

"कलकलाट," नाखवा खरं बोलून गेले. त्या दिवशी कालवण फक्त मला मिळालं.

नारळी पौर्णिमेला होडी रंगली आणि तिच्यावर बायकोचं नाव, मंजुळा, काटेरी लिपीत झळकलं. जपान्यांना हे नाव बाहेरचं, म्हणून. नाखवीणबाईंनी हातातला नारळ खाली ठेवला. "उरनवरून लगीन करून आली, केस पिकले, आन मी अजून बाहेरची?" पाहुणे खोळंबले. नाखव्यांनी वाळूत चित्रलिपीतली बाई काढून तडजोड सुचवली. बाई म्हणाल्या, "ही बाई? पाय मोडलेला खेकडा हाय!"

शेवटी नाखव्यांनी जपानशी बेइमानी करून नाव वाटोळ्या अक्षरांत काढलं. मी रंगाचा डबा धरून उभा. एवढे पाहुणे, आज पडवी गेलीच, हेच डोक्यात. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "रंग उरलाय, तं या पोराचा नाव पन पडवीच्या दारावर लिवा. वाटोल्या अक्षरान."

"अगो, तो परभनीचा. त्याला काट्याची..."

"लिवता, का नारल परत ठेवू?"

लिहिलं. पाहुणे ओट्यावर झोपले, मी पडवीत. ट्रंक त्या दिवसापासून रिकामी झाली.

पुढे कंपनीत मशीन बसवायला एक जपानी आला. त्याला दारापाशी नेऊन वाचून घ्यावं असं फार वाटलं; नाखव्यांचा काय भरवसा, 'सुकट'ही लिहिलं असेल. पण नेलं नाही. नाखवा तेव्हा हयात नव्हते, आणि त्यांनी घरच्या अक्षरांत लिहिलेलं बाहेरच्याकडून तपासून घ्यायला माझं मन झालं नाही.