जिबवरचा शब्द

माझी पोस्टिंग औरंगाबादच्या छावणीतल्या रिकव्हरी सेक्शनला झाली, तेव्हा रिकव्हरी हे खायचं की प्यायचं हे मला ठाऊक नव्हतं. मी फुलंब्रीकडचा धनगर. भरतीच्या वेळी साहेबानं दुभाष्याकरवी विचारलं, काय काम येतं? म्हणालो, मेंढरं राखतो, कपारीत अडकलेलं कोकरू काढतो. साहेब हसला आणि कागदावर काहीतरी खरडलं. बहुतेक त्या कोकरानंच मला अडकलेल्या गाड्या काढणाऱ्या ब्रेकडाऊन लॉरीवर आणलं.

इतक्या वर्षांनी हे लिहायला बसलो, कारण पुण्याहून एक पत्र आलंय. एक गृहस्थ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी रिकव्हरी गाड्या आणि त्यांच्या क्रेन यांवर पुस्तक लिहितायत. त्यांनी सात प्रश्न पाठवले, सोबत आमच्याच गाडीचा फोटो. तो त्यांना कुठं गावला देव जाणे. सहा प्रश्न गाडीबद्दल आहेत. सातवा असा: "क्रेनच्या जिबवर पांढऱ्या रंगात 'पकड' असं नागरीत आणि उर्दूत लिहिलेलं दिसतं. हे गाडीचं नाव होतं की पक्कड या हत्याराचं?"

आधी सहा प्रश्न उरकतो. गाडी सहा चाकी, मागून उघडी. इंजिनवर चालणारा विंच होता, पण तो ओढायला. चिखलात रुतलेली गाडी त्यानं ओढायची. उचलायचं काम हाताच्या क्रेननं. जिब म्हणजे क्रेनचा पुढं आलेला लोखंडी हात. तो जितका लांब काढाल तितकं त्याला कमी वजन पेलतं. वायररोप एका ड्रमवर गुंडाळलेला, ड्रमच्या दोन्ही बाजूंना एकेक हँडल, हँडलवर एकेक माणूस. ड्रमच्या दातेरी चाकात एक लोखंडी खटका पडतो. खटका पडलेला असला की हँडल सोडून खुशाल बिडी ओढा, लोड जागचा हलत नाय. वजन खाली घ्यायचं असेल तर मात्र खटका उचलावा लागतो, आणि मग सगळा भार दोन माणसांच्या हातांत. हे शेवटचं वाक्य पुस्तकात जाड अक्षरात छापा.

आमचा दिवस साडेपाचला पी.टी.नं सुरू व्हायचा. सातला गाडीची तपासणी. आठ ते अकरा ड्रिल, म्हणजे मोडक्या ट्रकचं धूड उचलायचं, ठेवायचं, पुन्हा उचलायचं. डाव्या हँडलवर मी, उजव्यावर सिपाही अब्दुल कादर. कादर औरंगपुऱ्याचा. त्याचा बाप भांड्यांना कल्हई करायचा आणि लहानपणापासून भाता ओढून कादरचे दंड माझ्या मांड्यांएवढे झाले होते. माझ्याशी तो माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलायचा, घरच्यांशी दखनी. मी हँडल सावकाश फिरवलं की म्हणायचा, "महादू, मेंढरं पाणी पितायत व्हय? चल की." रविवारी त्याच्या आईनं दिलेली लसणाची चटणी घेऊन यायचा आणि अर्धी मला द्यायचा. मी परतफेड म्हणून त्याला घोंगडी दिली होती. ती टोचते म्हणून तो सारखा कुरकुरायचा, पण पांघरायचा तीच.

सेक्शनचे कमांडर हवालदार युसूफ खान, खास हैदराबाद शहरचे. माणूस शिस्तीचा, उर्दू अस्सल, तोंडात कायम पान. गोऱ्या साहेबानं हुकूम इंग्रजीत शिकवले होते, पण इंग्रजीत ओरडलं की आमच्यातले निम्मे एकमेकांच्या तोंडाकडं बघायचे. म्हणून हवालदारसाहेबांनी स्वतःचे तीन हुकूम बसवले. उठा. थाम. उतार.

उठा आणि उतार मला लगेच कळले, ते आपलेच शब्द. थाम म्हणजे थांब. पानाच्या तोबऱ्यात शेवटचा 'ब' गिळला जातोय, असं मी धरून चाललो. कुणाला विचारलं नाही. विचारावंसं वाटलंच नाही कधी. ड्रिलमध्ये थाम म्हटलं की सगळे थांबायचे, मीही थांबायचो आणि हात झटकायचो. खटका पडलेलाच असायचा, त्यामुळं काही बिघडायचं नाही. सहा महिने मी चुकीचा शब्द घेऊन रोज बरोबर काम करत होतो.

त्या दिवशी छावणीतून निघालेला गाड्यांचा कॉन्व्हॉय कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या रेल्वेकडं चालला होता. घाट उतरला की निजामाची हद्द संपते आणि इंग्रजांचा खानदेश लागतो. रिकव्हरी गाडी नेहमी कॉन्व्हॉयच्या शेपटीला असते. दहा वाजून वीस मिनिटांनी आम्ही तिसऱ्या वळणावर पोचलो तर पुढचा ट्रक कुशीवर आडवा. कठड्याला टेकला होता म्हणून दरीत गेला नव्हता. ड्रायव्हर मद्रासकडचा, दारातून अर्धा बाहेर फेकला गेलेला, डावा पाय कॅबखाली. शुद्धीवर होता. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती, पण तो काय म्हणत असेल हे कुणाला सांगायला नको.

हवालदारसाहेबांनी एक नजर टाकली आणि पान थुंकलं. गाडी मागं घेतली, चाकांना दगड लावले, क्रेनचे मागचे पाय रस्त्यावर टेकवले. ट्रकच्या चासीला स्लिंग, म्हणजे जाड दोराचा फास, बांधली, त्यात क्रेनचा हूक अडकवला. सिपाही सखाराम लाकडी ठोकळे घेऊन कॅबखाली पालथा शिरला. कॅब वर येईल तसे ठोकळे सारायचे आणि ड्रायव्हरचा पाय मोकळा करायचा, हे त्याचं काम.

"उठा."

आम्ही फिरवलं. खटका कट कट वाजत होता. टीचभर कॅब उचलली. ऊन तापलं होतं, हँडल घामानं निसटत होतं आणि माझ्या तळव्याची कातडी सोलली होती. सखारामनं पहिला ठोकळा सारला. तो तिरका बसला. खालून तो ओरडला की बोटभर खाली घ्या, म्हणजे नीट बसवतो.

"उतार. आहिस्ता."

कादरनं खटका उचलला. आम्ही हँडल उलटं फिरवू लागलो, एकेक दात. सखाराम मध्येच ओरडला, "बूट गुतलाय!" ड्रायव्हरचा बूट सोडवायला त्यानं डोकं कॅबखाली आणखी आत घातलं.

"थाम!" ट्रकपाशी वाकलेले हवालदारसाहेब ओरडले.

मी थांबलो. सहा महिने थांबत होतो तसाच. हँडल सोडलं आणि तळवे पँटला पुसले.

कादर एकटा राहिला. त्यानं दोन्ही हातांनी, छाती लावून हँडल धरलं. माझ्याशी नेहमी मराठी बोलणारा तो, पण गडबडीत त्यानं हवालदाराचाच शब्द उचलला. "थाम, महादू! थाम!"

मी म्हणालो, "थांबलो की."

हे मी त्याच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. तो हँडल सोडून मागं सरकू शकला असता. दोन पावलांचं काम होतं. पण खाली सखारामचं डोकं होतं. तो किती वेळ धरून होता, मला सांगता येणार नाही. सखाराम "निघालो!" म्हणून बाहेर लोळला तेवढा वेळ, एवढं नक्की. मग हँडल उलटं फिरलं आणि कादरच्या कानशिलावर बसलं. कॅब तिरक्या ठोकळ्यावर आदळून अडकली, त्यामुळं ड्रायव्हरचा पाय चिरडायचा वाचला.

हवालदारसाहेबांनी धावत येऊन खटका पाडला. कादरला रस्त्याच्या कडेला माझ्याच घोंगडीवर झोपवलं. तो श्वास घेत होता. मी त्याच्याजवळ बसलो तर साहेबांनी मला दंडाला धरून उठवलं. स्वतः उजव्या हँडलवर उभे राहिले आणि म्हणाले, "रोना बाद में. नीचे आदमी है." मी डावं हँडल घेतलं. या वेळी मी असं धरलं की पुढं आठ दिवस बोटं सरळ झाली नाहीत. अकरा वाजून दहा मिनिटांनी ड्रायव्हर बाहेर आला. पाय वाकडा झाला, पण राहिला.

कादर कन्नडच्या दवाखान्यापर्यंत पोचला नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी खरं ते सांगितलं. हुकूम थाम होता, मला थांब वाटला. लिहून घेणाऱ्या क्लार्कनं दोन्हीकडं 'स्टॉप' लिहिलं आणि विचारलं, मग चूक कुठं झाली? त्याला समजावता समजावता दुपार गेली. तेव्हा कुठं मला थामचा खरा अर्थ पुरता उमगला, की धरून ठेव, सोडू नको. हवालदारसाहेबांनी कसूर आपल्या अंगावर घेतली. मी म्हणालो, नाय, हात माझे सुटले. शेवटी कागदावर 'अपघात' आलं. मला शिक्षा झाली नाही. झाली असती तर बरं वाटलं असतं.

मी औरंगपुऱ्यात गेलो. कादरच्या आईनं मला ओळखलं, चटणी खाणारा धनगर म्हणून. तिच्यासमोर मी काही लपवलं नाही. मी सोडलं, त्यानं सोडलं नाही, आणि शब्द कोणता होता तेही सांगितलं. मान खाली घालून बसलो. ती उठून आत गेली. मग पाण्याचा पेला माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "थाम कौन बोलता रे? हमारे घर में तो पकड बोलते. तुम्हारे घर में क्या बोलते?"

मी म्हणालो, "पकडच."

"फिर?" ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हवालदारसाहेबांपुढं उभा राहिलो आणि सांगितलं की थाम बंद करा, पकड म्हणा. त्यांनी कारण विचारलं नाही. पांढरा रंग मागवला. नागरी अक्षरं सखारामनं काढली, उर्दू त्यांनी स्वतः. रोज ड्रिलच्या आधी प्रत्येकानं जिबखाली उभं राहून तो शब्द मोठ्यानं म्हणायचा आणि हँडल धरून दाखवायचं. नवीन माणूस आला, मग तो पंजाबी असो की मद्रासी, आधी हे. पुढं ती गाडी आम्ही ब्रह्मदेशाच्या सरहद्दीपर्यंत नेली. तिथल्या चिखलातून किती गाड्या काढल्या याची मोजदाद नाही. हँडल पुन्हा कुणाच्या हातून सुटलं नाही.

तर सातव्या प्रश्नाचं उत्तर हे. गाडीचं नाव नाही आणि हत्याराचंही नाही. तो हुकूम आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. फोटोत डाव्या हँडलपाशी हडकुळा उभा आहे तो मी. उजव्या हँडलपाशी कुणीच नाही. फोटोवाला सारखा सांगत होता की सरका, जागा भरा. कुणी सरकलं नाही. पुस्तकात फोटोखाली नावं घालणार असाल, तर तिथलंही घाला: सिपाही अब्दुल कादर, उजवं हँडल.